तिसरी घागर

मखमलाबाद, नाशिक
९ मार्च १९८४

झुंबर,

मायना घातलेला नाही. चिरंजीव लिहावं की सौभाग्यवती की काहीच नाही, यात सकाळ जाईल, आणि मला मोगऱ्याच्या कळ्या खुडायच्या आहेत. काम आहे म्हणून लिहिते. काम नसतं तर लिहिलं नसतं, हे आधीच सांगून ठेवते. अक्षर वाईट आहे. तुला शिकवलं, मला कुणी शिकवलं नाही, तेव्हा निमूट वाच.

आपल्या पुढच्या दोन खोल्या, जिथं आजी भाजीच्या पाट्या ठेवायची, त्या तुझ्या बापानं ऑफिसला भाड्यानं दिल्या. डॉक्टरीणबाई आल्या आहेत, वत्सलाबाई म्हणून. ऑफिसच्या पाटीवरचं नाव एवढं लांब आहे की रंगाऱ्याला शेवटचे शब्द बारीक करावे लागले. नारूचं काम आहे, पायातनं सुतासारखा निघतो त्या किड्याचं. तुमच्या डोंगरात महाराष्ट्राच्या बाजूला आणि गुजरातच्या बाजूला कुणाकुणाला नारू झाला, कोण कुठलं पाणी पितं, हे दोन्हीकडं एकाच वेळी लिहून काढायचं. पैसा परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठाचा. आजवर इकडचे म्हणत नारू तिकडून येतो, तिकडचे म्हणत इकडून येतो, आणि दोघं हात झटकून मोकळे. वत्सलाबाई म्हणतात, नारूला हद्दीचा दगड दिसत नाही.

पण माणसं मिळेनात. मुलाखती चालतात त्या मला ऐकू येतात. मुद्दाम ऐकत नाही, मधलं दार पातळ आहे. एक कॉलेजातला मोठा शिकलेला आला, त्यानं पहिलं विचारलं की जीप घाटाच्या खाली येणार का वरच थांबणार. एका मुलीबरोबर तिचे वडील आले आणि तिला विचारलेलं सगळं त्यांनीच सांगितलं. लासलगावच्या कांदा व्यापाऱ्याचा पुतण्या आला, त्याला गुजराती झकास येतं, सुरतेला माल पाठवून पाठवून. डोंगरातल्या बाईशी कसं बोलाल विचारलं तर म्हणतो, भाव विचारीन. वत्सलाबाई हसल्या, पण नंतर कपाळाला हात लावून बसल्या. त्यांना पाण्यावर आलेल्या बायांशी बोलणारं माणूस पाहिजे. दोन्ही बाजूंच्या बायांशी. आणि बोललेलं नीट लिहिणारं.

आता तूच सांग, असं माणूस मला कोण ठाऊक आहे?

आश्रमशाळेत शिकवायला म्हणून सुरगाण्याकडं गेलीस आणि घाट उतरून पलीकडं नवरा केलास. त्यातनं एवढा तरी फायदा व्हावा. तुला तिथलं डोंगरातलं कोकणी येतं, डांगी येतं, गुजराती एव्हाना आलं असेल. अर्ज कर. मुलाखत इथंच होते, आपल्या ओट्यावर चढूनच आत जावं लागतं. पण ती खोली भाड्यानं दिलेली आहे, तिथं तुझ्या बापाचा हुकूम चालत नाही. रस्त्याकडनं ये, रस्त्याकडनं जा.

तू नवरा केलास तेव्हा तो भावकीला घेऊन गंगेवर गेला आणि मेल्याची करतात तशी तुझ्या नावानं अंघोळ करून आला, हे तुझ्या कानावर गेलंच असेल. मी गेले नव्हते. मला ताप होता. त्यातनं दुसरा काही अर्थ काढू नकोस.

आई

२८ मार्च १९८४

झुंबर,

उत्तर नाही. ठीक. मीही तुझ्या जागी दिलं नसतं, पण मी तुझ्या जागी नाही. मला घाई आहे.

मी वत्सलाबाईंना सांगून टाकलं. माझी एक मुलगी आहे, पलीकडं असते, शिकवते, दोन्हीकडं चालते. बाई खुर्चीतनं अर्ध्या उठल्या. आधी का नाही बोललात, म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्ही विचारलं नाही.

मग घोळ झाला. मी पंचवटीत गवार विकायला गेले होते आणि त्यांचा पुण्याचा कारकून तुझा पत्ता विचारायला आपल्या दारात आला. बाप ओट्यावर होता. तो म्हणाला, ती मेली. आपल्याकडचा पोरगा असता तर समजला असता, चहा पिऊन गेला असता. पुण्याच्या पोराला काय कळतंय. त्यानं मान खाली घातली, आत गेला आणि तुझ्या नावापुढं मयत लिहून टाकलं. नोकरी लागायच्या आधीच काढून टाकलं तुला.

मी रिकामी पाटी घेऊन आले तर वत्सलाबाई माझ्या दारात उभ्या. माझा हात धरला. म्हणाल्या, नवसाबाई, मला कल्पना नव्हती. मी म्हटलं, कसली? त्या हळूच म्हणाल्या, असं होतं, आईचं मन मानत नाही, ती गेलेल्या लेकराबद्दल असल्यासारखं बोलत राहते. डोकं फिरलं माझं. पोरीच्या दुःखानं ही बाई भ्रमली असं वाटत होतं त्यांना. कारकून मागं पाण्याचा पेला घेऊन उभा. तुझा बाप तिथंच विळ्याला धार लावत बसलेला, मान वर नाही.

मी म्हटलं, "जिवंत आहे ती. यांनी अंघोळ केली म्हणून कुणी मरत नाही."

तो म्हणाला, "माझ्यापुरती मेली."

"मेली ना? मग आखितीला आईची घागर भरता, बापाची भरता, तिची का भरत नाही? मेल्याला पाणी द्यावं लागतं. एकदा तरी दिलंत का तिला?"

धार लावायची थांबली. वत्सलाबाईंनी विचारलं घागर कसली, तर त्यांना सांगावं लागलं, की आमच्याकडं आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसांच्या नावानं नवी घागर पाण्यानं भरून ठेवतात, वर त्यांना तहान लागू नये म्हणून. ज्याची त्याची वेगळी. त्या तुझ्या बापाकडं बघत राहिल्या. तो उठला, विळा तिथंच ठेवला आणि लंगडत मळ्यात गेला. त्या दिवसापासून भाकरी मळ्यातच मागवतो. मीही पाठवते. मीठ कमी घालते.

आता नीट ऐक. तुझं नाव परत लिहिलंय. कारकून मला तीनतीनदा मावशी माफ करा म्हणाला, त्याला मी टोमॅटो दिले. मुलाखतीचं बोलावणं तुझ्या शाळेच्या पत्त्यावर टाकलंय. आखितीनंतरचा सोमवार. त्यानंतर जागा दुसऱ्याला जाईल. तुझी वाट बघायला ते काही तुझे आईबाप नाहीत.

आई

१७ एप्रिल १९८४

झुंबर,

तुझ्या नवऱ्याचं, बुधाचं कार्ड आलं. अक्षर चांगलं आहे. मराठीला मधूनच गुजरातीचं वळण देतो, पण समजतं. तुझ्या हातचं एक अक्षर त्यात नाही. पायानं लिहायचं असतं का ग? नारू पायात आहे ना, हातात नाही.

हे आधी लिहिलं आणि मग वाईट वाटलं. खोडत नाही, कागद एकच आहे.

घोट्याच्या वर निघतोय म्हणे. सुजलाय, ताप येतो, चालवत नाही, शाळा बंद आहे. मी कार्ड वाचलं आणि तशीच उठून वत्सलाबाईंकडं गेले, त्या कुणाशी तरी बोलत होत्या तरी. त्यांनी सांगितलेलं लिहिते, एकेक नीट वाच. काडीवर गुंडाळायचा, रोज जरासा. येईल तेवढाच. ओढायचा नाही. जखम उघडी ठेवायची नाही. आणि तो पाय घेऊन पाण्यात उतरायचं नाही, कितीही आग झाली तरी. आग होते म्हणून माणूस पाय पाण्यात बुडवतो, आणि त्याच पाण्यातनं तो दुसऱ्यांना जातो. पिण्याचं पाणी दुहेरी फडक्यानं गाळायचं. हे तू कुणाकुणाला सांगत असशील शाळेत. मग तुलाच कसा झाला? मास्तरणीला?

मला घाई आहे, हे तुला ठाऊक आहे. दूध उतू जायच्या आधी मी उतरवते, कळी उमलायच्या आधी खुडते, आणि तुझ्या वेण्या घालताना तू रडायचीस. तुझ्याजवळ असते तर मी तो नारू ओढला असता. म्हणून बरंय मी तिथं नाही. बुधाला म्हणावं तूच गुंडाळ.

तुझ्या बापाचा पाय तू लहानपणापासून बघितलास. शेतात मोडला असं तुला सांगितलं होतं. तो नारूच होता. मामाच्या गावच्या बारवेचं पाणी प्यायला होता लहानपणी. निघायला लागला तेव्हा त्याच्या मावशीला धीर निघाला नाही, तिनं ओढला, तो आत तुटला. पाय पिकून पिकून असा वाकडा झाला. तो कधी बोलत नाही. सासूबाईंनी मला सांगितलं होतं.

बुधाचं कार्ड मी ओट्यावर बसून मोठ्यानं वाचलं. म्हटलं मला नीट लागत नाही, मोठ्यानं वाचलं तर लागतं. तुझा बाप सुतळी वळत होता. पूर्ण वाचून झालं. परत पहिल्यापासून वाचलं. तो सुतळी वळतच राहिला. एवढी सुतळी आपल्याला लागत नाही.

मुलाखतीचं काय, ते मी विचारलं. वत्सलाबाई म्हणाल्या, तिला म्हणावं यायचं असेल तर ये, आमची जीप सुरगाण्याच्या पलीकडनं येणारच आहे त्या दिवशी, वाटेत घेऊ. नसेल तर मी समजेन. पण त्यांच्या वरच्यांनी सांगितलंय, मे महिन्यात सगळ्या जागा भरायच्या. लासलगावच्या पुतण्यानं दोनदा चकरा मारल्या.

मी येऊ नकोस म्हणणार होते. मग म्हटलं, मी म्हटलं की तू उलट करतेस. तेव्हा काहीच म्हणत नाही.

अंघोळीच्या दिवसाचं लिहिलं होतं ना, त्या दिवशी माझी कंबर धरली होती. उठवतच नव्हतं.

आई

आखिती, दुपार

झुंबर,

तू सोमवारी येतेस, हे वत्सलाबाईंनी सांगितलं. हे पत्र तू निघायच्या आधी तुला मिळणार नाही. तरी लिहिते, कुणाशी बोलू?

सकाळी तुझा बाप कुंभाराकडं गेला. दरवर्षी दोन घागरी आणतो, एक सासऱ्यांची, एक सासूबाईंची. आज तीन आणल्या.

मी चुलीपुढं होते. पुरणाचं पातेलं हातात. त्यानं तिन्ही ओट्यावर रांगेत ठेवल्या आणि एकेक वाजवून बघितली, कुठं चिरलेली नाही ना म्हणून. मला विचारायचं होतं, तिसरी कुणाची. विचारलं नाही. मला कधी काही विचारायला वेळ लागत नाही, तुला ठाऊक आहे.

मीच बोलून बसले होते ना. एकदा तरी दिलंत का तिला पाणी. त्या दिवशी डॉक्टरीण होती, कारकून होता, मला जिंकायचं होतं. आता तो म्हणेल, तूच म्हणालीस. अंघोळ ही एक गोष्ट आहे, रागाच्या भरात माणूस नदीवर जातो, चार माणसं बरोबर असतात, मागं फिरता येत नाही. पण घागर वर्षानुवर्षं भरायची असते. एकदा भरली की दरवर्षी भरायची. मग तू सोमवारी त्या ओट्यावर चढलीस तरी काय, मेल्याच्या नावाचं पाणी ठेवलेल्या घरात जिवंत माणसानं पाऊल कसं टाकायचं? पाय असा झालेला, घाट चढून, जीपमधनं हाडं खिळखिळी करून येशील, आणि इथं काय बघशील?

त्यानं दोन भरल्या. खरबूज ठेवलं, पुरणपोळी ठेवली, आईबापाला नमस्कार केला. तिसरी रिकामी, पालथी घातलेली, बाजेखाली आहे. तिच्याकडं मी बघत नाही. भाजी चिरताना पाठ करून बसले.

जेवताना तो म्हणाला पोळी चांगली झाली. किती दिवसांनी घरात जेवला. माझी पोळी मी गोठ्यात नेऊन गाईला घातली.

पोस्टात टाकत नाही. पुढच्याबरोबर देईन.

१२ मे १९८४

झुंबर,

तू आलीस आणि गेलीस. एवढं जवळ असून पत्रच लिहावं लागतंय, यावरनं समज आपण कशा आहोत.

मी मधल्या दारामागं होते. गवार निवडत होते असं म्हण. तुझा आवाज बसकट झालाय. वत्सलाबाईंनी विचारलं, चालता येत नाही, हे काम कसं करणार? तू म्हणालीस, "आज येत नाही, पावसाळ्यात येईल. बाई, हा निघतोय तो गेल्या उन्हाळ्याच्या पाण्यातला आहे. गेल्या उन्हाळ्यात मी दोन्हीकडचं पाणी प्यायले. कुठल्या विहिरीतनं आला ते मला शोधायचंय." मग म्हणालीस, तिकडचा आरोग्यवाला आला तर म्हणाला तुम्ही महाराष्ट्रातल्या, इकडचा म्हणाला तुम्ही आता गुजरातच्या, दोघांनीही लिहून घेतलं नाही. "मी कुठंच लिहिलेली नाही."

गवार तशीच राहिली माझ्या हातात.

आणि वत्सलाबाई म्हणाल्या, इथं तर तुमचं घरच आहे. तू म्हणालीस, "घर घाटाखाली आहे." बरोबर आहे. मीही तेच म्हटलं असतं. कडीवर हात होता माझा. तू हाक मारली नाहीस, मी दार उघडलं नाही. दोघी एकाच मातीच्या.

खिडकीतनं बुधा दिसला. दिसायला खास काही नाही. पण तुला जीपमधे चढवताना त्यानं घाई केली नाही. आधी तुझा हात खांद्यावर घेतला, मग थांबला, मग पाय उचलला. मी घाई केली असती.

आता तुला जे ठाऊक नाही ते सांगते. आत जाण्याआधी तू ओट्यावरच्या बाकावर टेकलीस आणि कारकुनाकडं पाणी मागितलंस. त्यानं बाकाशेजारच्या घागरीतनं दिलं. तू दोन पेले प्यायलीस, तिसऱ्यानं तोंडावर हबका मारलास. नवी घागर होती, ओल्या फडक्यात गुंडाळलेली, तोंडाला दुहेरी धोतराचं कापड बांधलेलं. तुला वाटलं असेल ऑफिसची.

ऑफिसची नव्हे. तिसरी होती ती. आखितीच्या पत्रात लिहिलंय, ते आधी वाच, ते सोबत आहे.

सोमवारी सकाळी मी फुलं घेऊन निघाले तेव्हा ती बाजेखाली होती. परत आले तर ओट्यावर, त्या बाकापाशी. तुझा बाप पाणी गाळत होता. पेल्यापेल्यानं. मी म्हटलं, ही इथं कशाला? तो म्हणाला, मुलाखतीला लोक येतात, उन्हाचे दिवस आहेत. गेले दोन महिने लोक येतातच आहेत, तेव्हा ऊन नव्हतं वाटतं.

तू आलीस तेव्हा तो मळ्यात नव्हता. गोठ्याच्या आडोशाला होता, तिथनं बाक दिसतो. तू पाणी प्यायलीस ते त्यानं बघितलं. पायाची पट्टी आणि तिच्यात खोचलेली काडी बघितली. जीप गेल्यावर घरात आला आणि भिंतीकडं बघून म्हणाला, "काडी बारीक आहे. जाड घ्यायला सांग. बारीक काडीवर ताण बसतो, तुटतो. आणि ओढू नको म्हणावं."

मी गप्प बसायला पाहिजे होतं. बसले नाही. म्हटलं, मेलेल्या माणसाच्या पायाची एवढी काळजी कशाला?

त्यानं सुतळीचा गुंडा उचलून खुंटीला लावला. मग म्हणाला, "तू तरी कुठं केली होतीस अंघोळ."

एवढी वर्षं मला वाटत होतं, त्याला ताप खरा वाटला.

वत्सलाबाईंनी तुला घेतलंय. कागद येईल तेव्हा येईल, मला त्यांनी आजच सांगितलं, मी विचारलं म्हणून. त्यांच्या वरच्यांना मोठी डिग्री पाहिजे होती, बाई त्यांच्याशी टेलिफोनवर भांडल्या, इंग्रजीत. शिकवणं इथंच आहे, जूनमधे, याच खोल्यांत. लासलगावच्या पुतण्यालाही घेतलंय, गुजरातच्या ऑफिसात बसून कागद लावायला. भाव विचारायला नव्हे.

तुझा बाप काही बोलेल असं समजून येऊ नकोस. बोलणार नाही. तो अजून तुझं नाव घेत नाही, मी घेतलं तर उठून जातो. मीही तुझ्या गळ्यात पडेन असं नाही, मला ते जमत नाही. बुधाला म्हणावं काडी जाड घे, तुरीची चालेल, आणि तू त्याच्या हातात पाय दिलास की दुसरीकडं बघ, म्हणजे ओढावंसं वाटणार नाही.

आखिती होऊन गेली. सासूसासऱ्यांच्या घागरी रिवाजाप्रमाणं देऊन टाकल्या. तिसरी बाकापाशीच आहे. सकाळी बघते तर भरलेली असते, कापड बदललेलं असतं. मी भरत नाही.

आई